सोफ्याचं कापड, आठ आकडी कोड आणि किलोमागे ११५ रुपये: कस्टम्समध्ये नेमकं काय ठरतं?

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सोफ्याचं कापड बघायला गेलात, तर दुकानदार तुमच्यासमोर नमुन्यांची जाडजूड वही उघडतो. हे वेल्वेट, हे स्वीड, हे लेदर फिनिश. तुम्ही हात फिरवता, रंग बघता, मीटरचा भाव विचारता आणि थोडी घासाघीस करून मोकळे होता. कापड कसं विणलंय, त्यात कुठला धागा आहे, मागच्या बाजूला काय चिकटवलंय, हे प्रश्न तुमच्या डोक्यातही येत नाहीत.

आता हेच कापड परदेशातून आलेलं असेल, तर? तेव्हा हे सगळे प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेले असतात. न्हावाशेवा बंदरात कंटेनर उतरला, की कस्टम्सच्या दृष्टीने रंगाला, ब्रँडला आणि 'सोफ्यासाठी' या शब्दाला फारशी किंमत नसते. निटेड कापडाच्या संपूर्ण प्रकरणात 'सोफ्याचं कापड' नावाचा कोडच नाही. तिथे विचारलं जातं ते एवढंच: कापड कसं बनलंय?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर सध्या एका कंटेनरमागे काही लाख रुपयांचा फरक पडू शकतो. तो कसा, ते समजून घेऊ.

आधी बातमी काय होती?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडला. टीव्हीवर चर्चा झाली ती १२ लाखांपर्यंतच्या करमुक्त उत्पन्नाची. पण त्याच भाषणात कापड उद्योगासाठी एक महत्त्वाची ओळ होती. निटेड कापडाच्या ९ कोडवर आधी १० किंवा २० टक्के मूळ सीमाशुल्क होतं. ते बदलून '२० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यातलं जे जास्त असेल ते' असं करण्यात आलं.

हे ९ कोड दोन गटांतले आहेत. ६००४ मधले २ आणि ६००६ मधले ७. निटेड कापडाचे बाकीचे गट, म्हणजे ६००१, ६००२, ६००३ आणि ६००५, या यादीत नव्हते.

इथेच खरी गोष्ट सुरू होते. कारण ६००१ मधलं कापड आणि ६००६ मधलं कापड सोफ्यावर चढवलं, तर घरी आलेल्या पाहुण्याला फरक कळणार नाही. ६००५ आणि ६००६ मधला फरक तर अनेकदा दुकानदारालाही कळत नाही.

हे कोड येतात कुठून?

जगभरात व्यापार होणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ही यादी सांभाळते. १ जानेवारी १९८८ पासून ही पद्धत लागू आहे आणि साधारण दर पाच वर्षांनी तिच्यात सुधारणा होते.

कोडचे पहिले ६ आकडे सगळ्या सदस्य देशांत सारखे असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापल्या सोयीने जोडतो. भारतात कोड ८ आकडी आहे आणि त्याला आधार आहे सीमाशुल्क दर कायदा, १९७५ चा.

यादीतलं ६० वं प्रकरण निटेड आणि क्रोशे कापडाचं. ५९ वं प्रकरण प्लास्टिक, रबर वगैरेचा थर दिलेल्या कापडाचं. ३९ वं प्रकरण थेट प्लास्टिकचं. सोफ्याचं कापड या तिन्हींपैकी कुठेही जाऊन बसू शकतं. आणि ते मागावरचं असेल, तर आणखी वेगळ्या प्रकरणात.

वस्तू कुठे बसवायची, यासाठी ६ नियम आहेत. त्यातला पहिला नियम सगळ्यात महत्त्वाचा. प्रकरणाचं नाव फक्त शोधायच्या सोयीसाठी असतं, निर्णय मात्र कोडसमोरच्या मजकुरावर आणि प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपांवर घ्यायचा. म्हणजे बिलावर व्यापाऱ्याने काय नाव लिहिलंय, यापेक्षा बारीक अक्षरातली टीप जास्त बोलते.

मराठीत एकच 'विणणे', कस्टम्समध्ये दोन

मराठीत आपण धोतर मागावर विणतो आणि स्वेटर सुयांवर, तोही विणतोच. एकच क्रियापद. कस्टम्ससाठी मात्र या दोन गोष्टींमध्ये पक्की भिंत आहे.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात ओलांडतात. ताणा आणि बाणा. शर्टाचं कापड, चादर, साडी, सगळं असं. निटेड कापडात धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. टी-शर्ट ओढला की ताणतो आणि सोडला की जागेवर येतो, तो या फासांमुळे. आपल्याकडे बाजारात याला सरळ 'होजिअरी' म्हणतात.

मागावरची मखमल ५८०१ मध्ये जाते. तशीच दिसणारी निटेड मखमल ६००१ मध्ये. वरून दोन्ही सारख्याच मऊ. कापड उलटं करून मागची बाजू भिंगाखाली धरली, तरच एकीत ताणा-बाणा दिसेल आणि दुसरीत फासांच्या रांगा.

निटेड ठरलं. मग पुढे काय?

समजा कापड निटेडच आहे, हे नक्की झालं. त्यानंतर प्रश्नांची एक उतरंड लागते. क्रम चुकला, की कोड चुकला.

प्रश्न १: कापडावर लव आहे का? वेल्वेटसारखी उभी लव असेल किंवा टॉवेलसारखे फास असतील, तर कापड ६००१ मध्ये. त्यापुढचे प्रश्न विचारायची गरजच नाही. अडचण तिथे येते, जिथे साध्या कापडाला यंत्रावर ब्रश मारून पृष्ठभाग मऊ केलेला असतो. हाताला ते वेल्वेटसारखंच लागतं. पण घासून वर काढलेल्या तंतूंना 'लव' म्हणायचं की नाही, हा वादाचा मुद्दा ठरतो.

प्रश्न २: रुंदी किती आणि ताणणारा धागा किती? कापड ३० सेंटीमीटरपेक्षा रुंद असेल आणि त्यात वजनाने ५ टक्के किंवा जास्त इलॅस्टिक धागा म्हणजे स्पॅन्डेक्स, लायक्रासारखा धागा किंवा रबराचा धागा असेल, तर ते ६००४ मध्ये. ४.८ टक्के असेल तर नाही, ५.१ टक्के असेल तर हो.

प्रश्न ३: वार्प निट की वेफ्ट निट? आजीच्या हातच्या स्वेटरमध्ये एकच धागा आडवा जात ओळीमागून ओळ बनवतो. ते वेफ्ट निट. म्हणूनच एक टोक ओढलं की स्वेटर उसवत जातो. वार्प निटमध्ये शेकडो उभे धागे एकाच वेळी बाजूच्या धाग्यांत नागमोडी अडकत खाली जातात. हे कापड सहज उसवत नाही, आकार धरून ठेवतं, म्हणून सोफ्यासाठी आणि गाडीच्या सीटसाठी सोयीचं. वार्प निट ६००५ मध्ये जातं. उरलेलं सगळं ६००६ मध्ये.

प्रश्न ४: धागा कशाचा आणि रंग कसा? सुती की पॉलिस्टर? कोरं, रंगवलेलं, रंगीत धाग्यांचं की छापील? यावरून शेवटचे आकडे ठरतात. पॉलिस्टरसारख्या सिंथेटिक धाग्याच्या बाबतीत ६००६ मधले हे चारही प्रकार ९ कोडच्या यादीत आहेत. सुती कापडात मात्र फक्त रंगवलेलं यादीत आहे, छापील नाही.

थोडक्यात, एक साधं, रंगवलेलं, बिनलवेचं पॉलिस्टर वेफ्ट निट कापड घेतलं, तर ते ६००६ ३२ ०० मध्ये जाईल आणि त्यावर किलोमागे किमान ११५ रुपये लागतील. तेच कापड लवदार निघालं किंवा वार्प निट निघालं, तर त्या यादीतून बाहेर.

रेक्झिनचा घोळ आणि ७ मिलिमीटरची दांडी

सोफ्यावर खरं चामडं आता क्वचितच असतं. बहुतेक वेळा 'लेदर फिनिश' म्हणजे मागे निटेड कापड आणि पुढे पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. आपल्याकडे त्याला सरसकट रेक्झिन म्हणतात. हे कापड की प्लास्टिक?

५९ व्या प्रकरणाची दुसरी टीप याचं उत्तर देते आणि ती वाचायला फारच मजेशीर आहे.

प्लास्टिकचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. थरामुळे फक्त रंग बदललेला दिसत असेल, तर तो 'दिसला' असं धरायचं नाही. थर दिसत नसेल, तर ते साधं कापडच, म्हणजे निटेड असेल तर पुन्हा ६० वं प्रकरण. त्यामुळे डाग बसू नयेत म्हणून अदृश्य फिनिश मारलेलं सोफ्याचं कापड 'कोटेड' ठरत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

थर दिसतोय? मग पुढची परीक्षा. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ते ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती हाताने वाकवून बघायचं. न तडकता वाकलं, तर ५९ व्या प्रकरणातलं कापड ठरू शकतं. तडकलं, तर ते कापड नाही, साधारणपणे ३९ व्या प्रकरणातलं प्लास्टिक.

पुढे आणखी एक फाटा. थर फोमसारखा सच्छिद्र असेल आणि मागचं कापड फक्त मजबुतीपुरतं असेल, तर पुन्हा ३९ वं प्रकरण. मागचं कापड साधं, एकरंगी असेल तर ते मजबुतीपुरतं मानलं जातं. छापील किंवा लवदार असेल, तर त्याचं काम त्याहून जास्त आहे असं धरलं जातं.

या सगळ्यात एक अपवाद आहे आणि सोफ्याच्या कापडासाठी तो कळीचा आहे. ६० व्या प्रकरणाची पहिली टीप सांगते, की लवदार निटेड कापडाला थर दिला, कोटिंग केलं किंवा दुसरा पदर चिकटवला, तरी ते ६००१ मध्येच राहतं. म्हणजे साधं निटेड कापड कोटिंग झाल्यावर ६० वं प्रकरण सोडून ५९ मध्ये जातं, पण वेल्वेट जात नाही. मागून पॉलियुरेथेन लावलेलं निटेड वेल्वेट 'कोटेड कापड' म्हणून ५९०३ मध्ये दाखवलं, तर ते चूक. ही चूक अजाणताही होऊ शकते आणि जाणूनबुजूनही.

११५ रुपयांचं गणित

आता पैशांकडे येऊ. खालचं गणित फक्त मूळ सीमाशुल्काचं आहे. समाजकल्याण अधिभार आणि आयजीएसटी बाजूला ठेवू.

किलोला ५७५ रुपये भाव असेल, तर २० टक्के म्हणजे बरोबर ११५ रुपये. त्याच्यावरच्या भावाच्या कापडाला नव्या नियमाने काही वेगळं होत नाही, टक्केवारीच लागते. त्याच्याखाली मात्र किलोचा दर लागू होतो आणि कापड जितकं स्वस्त, तितका बोजा मोठा.

४०० रुपये किलोच्या कापडावर ११५ रुपये म्हणजे जवळपास २९ टक्के.

२०० रुपये किलोच्या कापडावर साडेसत्तावन्न टक्के.

१०० रुपये किलोच्या कापडावर ११५ टक्के, म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा कर जास्त.

समजा एका कंटेनरमध्ये १० टन कापड आहे, भाव २०० रुपये किलो. मालाची किंमत २० लाख. २० टक्क्यांनी सीमाशुल्क होतं ४ लाख. किलोच्या दराने होतं साडेअकरा लाख. फरक साडेसात लाख रुपयांचा, एका कंटेनरमागे.

हेच सोफ्यापर्यंत आणून बघू. सोफ्याचं कापड जाड असतं. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजन आणि १.४ मीटर पन्हा धरला, तर एका मीटरचं वजन ४२० ग्रॅम. किलोच्या दराने त्यावर सुमारे ४८ रुपये सीमाशुल्क बसतं. २०० रुपये किलोच्या भावाने २० टक्के लावले असते, तर सुमारे १७ रुपये. सोफ्याला १० मीटर कापड लागलं, तर फरक साधारण ३१५ रुपयांचा. कर वजनावर असल्यामुळे तोच भाव असलेल्या, पण निम्म्या वजनाच्या ड्रेसच्या कापडावर मीटरमागे निम्मा बोजा येतो. जाड कापड वापरणाऱ्याला झळ जास्त.

पण टक्केवारी सोडून किलोचा दर कशाला?

कारण टक्केवारीचा कर बिलावरच्या किमतीवर अवलंबून असतो आणि बिल खोटं असू शकतं. ३०० रुपयांचं कापड कागदावर १५० चं दाखवलं, की कर निम्मा. याला अंडर-इन्व्हॉइसिंग म्हणतात. वजन मात्र काट्यावर दिसतं. किलोमागे ठरलेला कर असेल, तर बिलावर कितीही कमी किंमत लिहिली तरी फायदा नाही.

लुधियाना, सुरत इथल्या निटेड कापड बनवणाऱ्यांची तक्रार हीच होती. चीनमधून येणारं सिंथेटिक निटेड कापड इतक्या कमी किमतीत दाखवलं जातं, की त्या भावात इथे धागाही विकत घेऊन काम परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

सरकारने पहिला उपाय मार्च २०२४ मध्ये केला. परकीय व्यापार महासंचालनालयाने ५ कोडवर किमान आयात किंमत लावली, किलोला ३.५ डॉलर. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या आसपासच्या दराने ही किंमत २९० रुपयांच्या घरात जाते. त्याहून कमी किमतीच्या मालाची आयात खुली राहिली नाही.

ते ५ कोड होते ६००६ ३१, ३२, ३३, ३४ आणि ६००६ ९०. सगळे ६००६ मधले.

आता वरचा प्रश्न २ आठवा. कापडात इलॅस्टिक धागा ५ टक्क्यांवर गेला, की ते ६००४ मध्ये जातं आणि या यादीतून सुटतं. वार्प निट असेल, तर ६००५ मध्ये जाऊन सुटतं. म्हणजे पुढचं दार बंद होतं, पण बाजूची खिडकी उघडी. नंतर त्याच वर्षी मुदत वाढली आणि आणखी ८ कोड जोडून यादी १३ वर गेली. अर्थसंकल्पातल्या यादीतही मग ६००४ आला.

प्रत्येक वेळी क्रम तोच. काही कोडवर बंधन येतं, शेजारचे कोड मोकळे राहतात, माल तिकडे सरकण्याची भीती तयार होते, मग यादी लांबते. कधी माल खरोखर बदलतो, म्हणजे कारखानदार धाग्याचं प्रमाण बदलून वेगळं कापड बनवतो, आणि तसं करणं पूर्णपणे कायदेशीर आहे. कधी फक्त कागद बदलतो आणि माल तोच राहतो. तो गुन्हा आहे. बंदरावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला या दोन्हींत फरक करायचा असतो.

मग खरं-खोटं कसं ठरतं?

२०११ पासून भारतात स्वयं-मूल्यांकनाची पद्धत आहे. आयातदार स्वतःच बिल ऑफ एन्ट्रीमध्ये कोड लिहितो, कर काढतो आणि भरतो. प्रत्येक कंटेनर उघडून बघितला जात नाही. शंका आली, तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४४ खाली नमुना घेतला जातो आणि प्रयोगशाळेत जातो. कापडाच्या चाचण्यांसाठी मुंबईत मुख्यालय असलेली वस्त्रोद्योग समिती, म्हणजे टेक्स्टाइल्स कमिटी, ही जुनी आणि जाणकार संस्था आहे.

प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न नेमके असावे लागतात. 'हे सोफ्याचं कापड आहे का?' असं विचारून उपयोग नाही. निटेड आहे का, वार्प की वेफ्ट, लव आहे का, इलॅस्टिक धागा वजनाने किती टक्के, थर डोळ्यांना दिसतो का, असं विचारावं लागतं. अहवाल येईपर्यंत माल अडकला, तर डिटेन्शन आणि डेमरेजचे आकडे रोज वाढतात. पैसे आणि बॉण्ड देऊन तात्पुरत्या मूल्यांकनावर माल सोडवण्याची सोय कायद्यात आहे, पण छोट्या आयातदाराचं भांडवल त्यात अडकतं.

कोड चुकीचा निघाला तर? साधी चूक असेल, तर कस्टम्स २ वर्षांपर्यंत मागे जाऊन फरक मागू शकतं. संगनमत, जाणूनबुजून खोटी माहिती किंवा माहिती दडवणं सिद्ध झालं, तर ५ वर्षांपर्यंत. शिवाय व्याज आणि बुडवलेल्या कराएवढा दंड.

म्हणूनच 'चूक' आणि 'लबाडी' यांतली रेघ महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने यावर दोन उपयोगी गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. एचपीएल केमिकल्सच्या २००६ मधल्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की माल दुसऱ्याच गटात बसतो असा दावा महसूल विभाग करत असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी विभागाची. आणि नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या १९९८ मधल्या निकालाचा अर्थ असा, की मालाचं वर्णन खरं दिलेलं असेल, तर आयातदाराने आपल्या समजुतीप्रमाणे सवलत मागितली, एवढ्यावरून ती खोटी माहिती ठरत नाही.

म्हणजे बचाव कोडमध्ये नाही, वर्णनात आहे. 'पॉलिस्टर फॅब्रिक' एवढंच लिहिणारा अडचणीत येतो. 'पॉलिस्टर वार्प निट, लवदार, रंगवलेलं, मागून पॉलियुरेथेन थर, पन्हा १४० सेंटीमीटर' असं लिहिणाऱ्याचा कोड चुकला, तरी हेतू स्वच्छ दिसतो.

याहून चांगला रस्ता म्हणजे माल मागवण्याआधीच विचारणं. मुंबई आणि दिल्लीत सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. नमुना आणि माहिती देऊन तिथे कोड विचारता येतो. ३ महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा सांगतो आणि तो निर्णय मालात किंवा कायद्यात बदल झाला नाही तर काही वर्षं टिकतो.

हा गोंधळ फक्त भारतातला आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेच्या दरपत्रकात लवदार सिंथेटिक निटेड कापडावर, म्हणजे ६००१.९२ वर, १७.२ टक्के मूळ शुल्क आहे. साध्या सिंथेटिक निटेड कापडावर ६००५ आणि ६००६ मध्ये १० टक्के. पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या सिंथेटिक कापडावर साधारण साडेसात टक्के, आणि त्यात वजनाने प्लास्टिक किंवा रबर ७० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर शून्य. चीनवर वगैरे लावलेली अतिरिक्त शुल्कं वेगळी.

तिथे सोफ्याच्या एकाच नमुन्यावर प्रश्न विचारून आयातदार आधीच लेखी निर्णय घेतात आणि ते निर्णय सगळ्यांना इंटरनेटवर शोधता येतात. पुढचा आयातदार आधीचा निर्णय वाचून आपलं कापड कुठे बसेल याचा अंदाज बांधतो. भारतातही अग्रिम निर्णय प्रसिद्ध होतात. प्रश्न आहे तो छोट्या व्यापाऱ्याला ते माहीत असण्याचा आणि परवडण्याचा.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव म्हटलं, की कापड आठवतं. पण ही यंत्रमागाची गावं आहेत. तिथे ताणा-बाणा चालतो, फास नाहीत. निटेड कापडावरच्या कराचा थेट फायदा लुधियाना किंवा सुरतच्या निटिंग कारखान्यांना. आपल्या यंत्रमागवाल्यांसाठी त्याच अर्थसंकल्पात वेगळी ओळ होती. दोन प्रकारच्या आधुनिक शटललेस मागांवरचं साडेसात टक्के सीमाशुल्क शून्य करण्यात आलं. 'कापडावर कर वाढला, आता इचलकरंजीला चांगले दिवस' असा मेसेज कुणी फॉरवर्ड केला, तर तो अर्धवट आहे, हे लक्षात ठेवा. स्वस्त निटेड कापड महागलं, की काही गिऱ्हाईक मागावरच्या कापडाकडे वळेलही, पण तो दूरचा फायदा.

महाराष्ट्रात थेट झळ बसते ती दुसऱ्या टोकाला. उल्हासनगरचा किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा सोफा बनवणारा कारागीर, छोटा तयार कपड्यांचा कारखानदार, हे कापड विकत घेणारे आहेत. त्यांच्या बाजूने बघितलं, तर कच्चा माल महाग झाला. त्यांना हव्या त्या प्रकारचं कापड भारतात त्या भावात मिळत नसेल, तर संरक्षण लुधियानाला आणि बिल त्यांना.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. बनावट बिलावर आलेल्या मालाशी स्पर्धा करणं अन्यायाचंच आहे. आणि खरोखर स्वस्त, खऱ्या बिलाचं कापड आणणाऱ्याने किमतीच्या निम्म्याहून जास्त कर भरणं, हेही सोपं नाही. किलोचा दर लबाड आणि प्रामाणिक आयातदारात फरक करत नाही. तो फक्त स्वस्त आणि महाग कापडात फरक करतो.

मग तोडगा काय?

किलोचा दर अंडर-इन्व्हॉइसिंगची एक वाट बंद करतो, हे मान्य. पण तो ९ कोडवर लावून शेजारच्या कोडवर लावला नाही, तर भांडण किमतीवरून उठून कोडवर येऊन बसतं. आधी प्रश्न होता 'याची खरी किंमत किती?' आता प्रश्न होतो 'हे वार्प आहे की वेफ्ट?' दुसरा प्रश्न प्रयोगशाळेत सुटू शकतो, ही जमेची बाजू. मात्र त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्यांत नाही, दिवसांत आला पाहिजे.

एकमेकांच्या जागी वापरता येणाऱ्या कापडांवर कर सारखा असेल, तर कोड बदलून मिळवायचं काही उरत नाही. तो वेगळा ठेवायचा असेल, तर त्याचं कारण स्पष्ट हवं आणि सीमारेषेवरच्या कापडांसाठी सोप्या भाषेत सूचना हव्यात. ब्रश मारलेलं कापड लवदार मानायचं का, याचं उत्तर न्हावाशेव्यात एक आणि दुसऱ्या बंदरात दुसरं मिळता कामा नये.

आणि पुढच्या वेळी सोफ्याच्या दुकानात कुणी 'इम्पोर्टेड वेल्वेट आहे, ड्युटी वाढल्यामुळे महाग झालं' असं सांगितलं, तर कापड उलटं करून बघा. निटेड वेल्वेट असेल, तर ते ६००१ मध्ये जातं आणि २०२५ च्या ११५ रुपयांच्या यादीत ६००१ नव्हता. भाव दुसऱ्या कारणाने वाढलेला असू शकतो, डॉलरने, भाड्याने, काहीही. पण त्या ११५ रुपयांनी नाही.